लाडू फडताळात आहेत

'फडताळात लाडू आहेत' आणि 'लाडू फडताळात आहेत' ही दोन वाक्यं घ्या. शब्द तेच आणि तेही मोजून तीन. विभक्तीचा फरक नाही, काळाचा नाही, काना-मात्रेचाही नाही. तरीसुद्धा घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल, तर या दोन वाक्यांचे त्याच्यावर होणारे परिणाम अगदी निरनिराळे असतात. पहिल्या वाक्यातून त्याला लाडवांच्या अस्तित्वाचीच वार्ता मिळते. आतापर्यंत जे फडताळ म्हणजे जुनी पंचांगं आणि काढ्याच्या रिकाम्या बाटल्या यांचं घर होतं, त्याला एकदम तीर्थक्षेत्राची कळा येते. दुसऱ्या वाक्यात लाडू झालेले आहेत हे सगळ्यांना ठाऊकच असतं. कळवायचा असतो तो फक्त त्यांचा बदललेला पत्ता. म्हणून पहिलं वाक्य आई शाळेतून आलेल्या भुकेल्या मुलाला म्हणते, आणि दुसरं, मूल झोपल्यावर, वडिलांच्या कानाशी म्हणते.

इंग्रजांना या एवढ्याशा कामासाठी 'अ' आणि 'द' असे दोन पगारी नोकर ठेवावे लागले. नवा माणूस आला की 'अ' त्याला दारातून आत आणतो आणि एकदा ओळख झाली की पुढची सगळी ऊठबस 'द' बघतो. मराठीने ही दोन माणसं ठेवलीच नाहीत. 'एक' हा शब्द अधूनमधून हाताखाली येतो ('एक गृहस्थ आले होते'), पण तो रोजंदारीवर. बाकीचं सगळं काम शब्दांच्या जागाच करतात. ऐकणाऱ्याला ठाऊक असेल ते आधी येतं, नवं असेल ते मागून येतं आणि क्रियापदाच्या अगदी शेजारी जाऊन बसतं. क्रियापदाच्या लगेच अलीकडची ही जागा म्हणजे मराठी वाक्यातली मानाची खुर्ची आहे. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांसाठी जसा एक पाट राखून ठेवलेला असतो, तशी ती नव्या बातमीसाठी राखून ठेवलेली असते.

पटत नसेल तर घरातला कोणताही प्रश्न घ्या. 'तू किल्ली कुठे ठेवलीस?' यात 'कुठे' बसलाय तो क्रियापदाला खेटून. 'दूध कुणी सांडलं?' यात 'कुणी' तिथेच. म्हणजे प्रश्न विचारणारा आधी ती खुर्ची अडवून बसतो आणि उत्तर आलं की उठून ती उत्तराला देतो. 'किल्ली खुंटीवर ठेवली.' 'दूध मांजराने सांडलं.' इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या तोंडाशीच येऊन उभा राहतो. आपल्याकडे तो आतल्या खोलीत पाहुण्याच्या जागेवर बसतो आणि तिथून विचारतो. शाळेत न गेलेली माणसंसुद्धा यात कधी चुकत नाहीत.

शाळेत गेलेल्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. शाळेत आपल्याला 'राम आंबा खातो' हे वाक्य शिकवतात. आधी कर्ता, मग कर्म, मग क्रियापद. गेल्या कित्येक पिढ्या राम हा आंबा खातोय आणि अजून तो संपलेला नाही. पण हे वाक्य कुणी, कुणाला, केव्हा म्हणतं, हे कोणत्याही गुरुजींनी कोणत्याही वर्गाला सांगितल्याचं ऐकिवात नाही. राम काय करतोय असं कुणी विचारलं होतं का? की आंबा कुठे गेला याची चौकशी चालली होती? चौकशी आंब्याची असेल तर घरातलं कुणीही 'आंबा राम खातोय' असंच म्हणेल, आणि त्या 'राम' या शब्दावर एक सूक्ष्म चहाडी असेल. व्याकरणाच्या पुस्तकातल्या रामाला मात्र आगा नाही नि पिछा नाही. तो एकटाच पोकळीत उभा राहून आंबा खातो.

व्याकरणकारांबद्दल मला आदर आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं. ही माणसं डोंगराएवढं काम करून गेली. माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांच्या डोंगरातून आपण परीक्षेपुरते चार खडे उचलून आणले, त्याच्याशी आहे. कारण 'ने', 'ला', 'चा' हे प्रत्यय कोण कुणाचं कोण हे सांगायला समर्थ असल्यामुळे मराठीतल्या शब्दांना जागा बदलायची केवढी मोकळीक मिळते, आणि ती मोकळीक कशासाठी असते, हा त्यातला खरा गमतीचा भाग.

आता हे बघा. बंड्या, कप आणि फोडणे. तीन शब्द सहा तऱ्हांनी मांडता येतात आणि सहाही मराठी वाक्यं आहेत. 'बंड्याने कप फोडला' ही बंड्याच्या आजच्या कामगिरीची नोंद झाली. 'कप बंड्याने फोडला' हा निकाल आहे. फुटलेला कप सगळ्यांच्या समोर आहे, आरोपी तेवढा हवा होता. 'बंड्याने फोडला कप' ही भांडीवालीची सुटका आहे, कारण सकाळपासून संशय तिच्यावर होता. 'कप फोडला बंड्याने' यात आधी नुकसान जाहीर होतं आणि नाव मागाहून सुस्काऱ्यासारखं येतं. 'फोडला बंड्याने कप' म्हणणारी बाई हे होणार हे आधीपासून जाणून होती. आणि 'फोडला कप बंड्याने' हे वाक्य ती माहेरी पत्रात लिहिते. कप एकच फुटला, घरं सहा दिसली. परीक्षेत मात्र सहांपैकी पहिल्याच वाक्याला गुण मिळतात.

हा शोध मी लावलेला आहे असा कुणाचा गैरसमज होऊ नये. आंरी वेल नावाच्या पंडिताने १८४४ साली फ्रेंचमध्ये एक पुस्तक लिहून सांगितलं होतं की, वाक्याला एक निघण्याचं ठिकाण असतं आणि एक पोचण्याचं. निघायचं ते ऐकणारा नि बोलणारा दोघं जिथे उभे आहेत तिथून. पुढे प्रागमध्ये व्हिलेम माथेसिउस यांनी १९३९ साली वाक्याची हीच फोड पद्धतशीरपणे मांडली. या माथेसिउसांची दृष्टी उत्तरायुष्यात जवळजवळ गेलेली होती. जग ज्याच्यापर्यंत कानांतूनच येतं, त्याला कोणता शब्द आधी आला नि कोणता मागून, याचं महत्त्व जास्त जाणवत असावं, असं मला आपलं वाटतं. अमेरिकेत हॅविलंड आणि क्लार्क या दोघांनी १९७४ साली चक्क घड्याळ लावून हे मोजलं. आधीच्या वाक्यात बिअरचा उल्लेख येऊन गेला असला, तर पुढच्या वाक्यातली बिअर गरम असल्याचं वाचणाऱ्याला चटकन समजे. आधी नुसतं सहलीचं सामान म्हटलं असलं, तर तेच वाक्य समजायला जास्त वेळ लागे. आमच्या सहलींत हा वेळ कितीतरी वाढला असता. 'बिअर कुणी आणली?' या प्रश्नाचा निकाल लागल्याखेरीज ती गरम होती की गार, इकडे कुणीही लक्ष दिलं नसतं.

पण या सगळ्यांच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या लोकांनी हे ताडलं होतं. मीमांसकांनी वाक्यातल्या ठाऊक भागाला 'अनुवाद' म्हटलं. म्हणजे माहीत असलेलं पुन्हा बोलणं. नव्याने सांगायचं ते 'विधेय'. अनुवाद आधी, विधेय मागून. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यदोषांची जी यादी दिली, तीत एका दोषाचं नाव आहे 'अविमृष्टविधेयांश'. नाव ऐकून एखाद्या जुनाट त्वचारोगाची आठवण होते, पण अर्थ सरळ आहे. जे मुख्यतः सांगायचं तेच कोपऱ्यात कोंबायचं, समासात नाहीतर विशेषणात दडपून टाकायचं, की झाला हा दोष. मम्मटाने तो कवींसाठी सांगितला होता. हल्लीच्या काळात त्याची लागण कवींपेक्षा इतरांनाच जास्त झालेली दिसते.

उदाहरणार्थ, सकाळचं वर्तमानपत्र. मी चहाबरोबर ते मोठ्याने वाचतो आणि स्वयंपाकघरातून ते ऐकलं जातं. 'आपल्या मुलीच्या विवाहाची खरेदी आटोपून, पावसामुळे खोळंबलेल्या वाहतुकीतून वाट काढत, नुकत्याच दुरुस्त केलेल्या परंतु पहिल्याच सरीत खचलेल्या पुलावरून काल सायंकाळी दुचाकीने घरी परतणारे एक निवृत्त शिक्षक...' एवढं वाचून मी श्वास घेतो, तेवढ्यात आतून हाक येते, 'अहो, गेले की आहेत? ते सांगा आधी!' शिक्षक थोडक्यात बचावलेले असतात. पण बातमी ती नाहीच. दुरुस्त केलेला पूल पहिल्याच सरीत खचला ही बातमी. ती बिचारी विशेषण होऊन पुलाच्या खांद्यावर बसलीय आणि वाचणारा शिक्षकांच्या काळजीत तिच्याकडे न बघताच पुढे जातो. याला म्हणायचं अविमृष्टविधेयांश. वार्ताहराच्या हातून तो नकळत झाला असेल तर घाई म्हणून सोडून देता येईल. पण हा दोष जाणूनबुजून करणारी मंडळीही जगात आहेत आणि ती फार हुशार असतात.

'सुधारित दर उद्यापासून लागू होतील.' ही सूचना आपण सगळ्यांनी वाचली आहे. या वाक्यात मानाची खुर्ची कुणाला दिलीय? 'उद्यापासून'ला. म्हणजे चर्चा करायची असेल तर उद्यापासून की परवापासून, एवढ्यावर करावी. दर वाढले ही खरी बातमी, ती 'सुधारित' असं सोवळं नेसून वाक्याच्या सुरुवातीलाच, ठाऊक असलेल्यांच्या रांगेत मुकाट उभी राहिलीय. जणू आपल्याला विचारूनच सगळं ठरलं होतं. ऐकणारा घाईत असला की 'हो का, उद्यापासून का?' असं म्हणतो, आणि हे म्हणताना वाढ त्याने मान्य करून टाकलेली असते. फर्निचरच्या दुकानातला मनुष्य 'सोफा घेता का?' असं कधी विचारत नाही. 'सोफा सकाळी पाठवू की संध्याकाळी?' असं विचारतो. उपवर मुलाच्या मावशाही याच शाळेतल्या. 'लग्न दिवाळीआधी करायचं की नंतर?' या प्रश्नापुढे भले भले ब्रह्मचारी 'नंतर' म्हणून मोकळे झालेले आहेत. नव्याला जुन्याचे कपडे चढवून आत घ्यायची ही युक्ती ज्याला कळली, त्याला दुकान, संसार आणि राजकारण या तिन्ही क्षेत्रांत मरण नाही. आणि ज्याला ती ओळखता येत नाही, त्याच्या घरात पाच वर्षांनी तीन सोफे असतात.

सरकारी पत्राचा प्रकार याच्या उलटा. खरं म्हणजे सरकारी पत्राची मांडणी मला मनापासून आवडते. वर 'विषय' लिहितात, खाली 'संदर्भ' लिहितात. ऐकणाऱ्याला आधी ठाऊक ठिकाणी नेऊन उभं करायची इतकी सभ्य सोय प्रेमपत्रातसुद्धा नसते. पण इतकं करून झाल्यावर पत्र लिहिणाऱ्याला राहवत नाही. 'उपरोक्त विषयाबाबत, संदर्भाधीन पत्रान्वये आपण केलेल्या विनंतीच्या अनुषंगाने, सदर प्रकरणी प्राप्त कागदपत्रांची छाननी करून व प्रचलित नियमांतील तरतुदी विचारात घेऊन, आपणांस कळविण्यात येते की, आपला नळजोडणीचा अर्ज मंजूर करण्यात येत...' इथपर्यंत वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तोटीतून पाणी पडायला लागलेलं असतं. मग पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटाच शब्द येतो: 'नाही.' मराठीत नकार शेवटी येतो आणि त्याला कुणाचा इलाज नाही. पण त्याच्याआधी चाळीस शब्द ठाऊक असलेलंच सांगत बसायचं, याला मात्र इलाज आहे.

सभेत पाहुण्यांचा परिचय करून देणारे गृहस्थ याच कुळातले. 'पाहुण्यांची ओळख करून देण्याची गरज नाही' हे त्यांचं पहिलं वाक्य असतं, आणि गरज नसलेली ती गोष्ट ते पुढे पंचवीस मिनिटं करतात. त्याच्या दुसऱ्या टोकाला आहेत मोबाइलवरून निरोप धाडणारे. त्यांचा निरोप एकच: 'कळलं का?' त्यात ठाऊक असलेलं काही नाही आणि नवंही काही नाही. नुसती मानाची खुर्ची अंगणात आणून ठेवायची आणि स्वतः अंघोळीला निघून जायचं. इकडे आपण त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, ओळखीतल्या सर्व वृद्धांची मनातल्या मनात हजेरी घेत बसतो. पाऊण तासाने कळतं, की त्यांच्या पुतणीने नवी गाडी घेतली.

आणि जाहिराती! 'सादर आहे नवी, अधिक फेसाळ टूथपेस्ट!' यात क्रियापद उडी मारून पुढे आलंय. मराठीत क्रियापद पुढे येत नाही असं नाही. फलाटावर तासभर ताटकळलेली माणसं 'आली, आली गाडी!' असंच ओरडतात. 'आलं का पाणी नळाला?' हा पुण्यातल्या कितीतरी घरांतला सकाळचा पहिला प्रश्न. 'लागला एकदाचा निकाल!' इस्पितळाच्या व्हरांड्यात आत गेलेल्या माणसाची वाट बघत बसलेल्यांना बाहेर येऊन कुणी 'काळजीचं कारण नाही' हे आधी सांगतो आणि बाकीचं मग; तो शहाणा. या सगळ्या ठिकाणी वस्तू मनात आधीपासून हजर असते. गाडी, पाणी, निकाल, आपला माणूस यांचाच तर ध्यास लागलेला असतो. नवं असतं ते फक्त त्यांचं येणं, लागणं, वाचणं. म्हणून ते पुढे येतं, आणि ज्याचं नाव सगळ्यांच्या ओठांवर आहे ते मागून आलं तरी चालतं. टूथपेस्टवाल्यांची समजूत अशी दिसते, की उभा महाराष्ट्र ब्रश हातात धरून रात्रभर त्यांच्या पेस्टची वाट बघत गॅलरीत उभा होता.

आता थोडं समीक्षेकडे वळतो, कारण तिथेही याच गोष्टीचा घोळ आहे. पुस्तकाच्या परीक्षणात 'लेखकाची भाषा ओघवती आहे' असं एक वाक्य हमखास असतं. पुस्तक वाचलेलं नसलं की ते दोनदा असतं. पण ओघ म्हणजे नक्की काय, हे कुणी सांगत नाही. मला विचाराल तर त्याचं उत्तर आपल्या श्रावणातल्या कहाण्यांत आहे. आटपाट नगरापासून सुरुवात होते. नगर ओळखीचं झालं की त्या नगरात राजा येतो. राजा ओळखीचा झाला की त्याच्या राण्या येतात, आणि राण्या आल्या की त्यांतली एक आवडती निघते नि एक नावडती. प्रत्येक वाक्यात जो पाहुणा म्हणून येतो, तो पुढच्या वाक्यात यजमान होऊन नव्या पाहुण्याला दार उघडतो. हा ओघ. ऐकणाऱ्याचा हात कुठेच सुटत नाही. यातलं एक वाक्य नुसतं उलटं करून बघा. 'त्या नगरात एक राजा होता' याऐवजी 'एक राजा त्या नगरात होता' म्हणा. लगेच कान टवकारतात. म्हणजे बाकीचे राजे कुठे गेले होते? सुरू व्हायच्या आधीच कहाणीची पोलीस-चौकशी होते.

पुष्कळशा विद्वान लेखनात नेमकं हेच घडतं. प्रत्येक वाक्य नव्या राजापासून सुरू होतं. तीन पानांत सतरा राजे जमतात आणि नगराचा पत्ता नसतो. वाचणाऱ्याला वाटतं की आपणच कमी पडतो. तो परिच्छेद पुन्हा वाचतो, चष्मा पुसतो, शेवटी लेखकाला 'प्रगल्भ' म्हणून पुस्तक बंद करतो. खरी गोष्ट एवढीच असते, की लेखकाने त्याला दारात घ्यायला माणूसच पाठवला नव्हता. मी म्हणतो, परीक्षणात 'ओघवती' लिहिण्याआधी दहा वाक्यांची सुरुवात तपासावी. दहांतल्या आठांच्या सुरुवातीला मागचं काहीतरी हाताला लागत असेल, तर खुशाल लिहावं.

हे सगळं वाचून 'शब्द इकडचे तिकडे झाले तर एवढं काय बिघडतं?' असं कुणी म्हणेल. वर्तमानपत्रात आणि जाहिरातीत बिघडत नसेलही. पण काही वेळा फार बिघडतं, आणि काही वेळा फार सावरतं.

१९७६ सालची गोष्ट. इंदूरच्या थोरल्या काकांची तार आमच्या घरी दुपारी आली. त्या काळी तारेला शब्दागणिक पैसे पडत. दिवाळीच्या नि लग्नाच्या शुभेच्छांची छापील वाक्यं ठरलेली असत आणि त्यांचे नुसते क्रमांक धाडले की भागे. पण ही बातमी काही क्रमांकात बसणारी नव्हती. पैसे मोजून बोलायचं म्हटलं की माणूस ठाऊक असलेलं सगळं गाळतो आणि नवं तेवढं धाडतो. त्या तारेत चार इंग्रजी शब्द होते, आणि चारही नवे. तारेची सोयच तशी होती. २०१३ सालच्या जुलैत ती बंद झाली, तोवर तशीच राहिली. आत्याने कागद घेतला, वाचला आणि पदराखाली ठेवला. संध्याकाळी वडील कचेरीतून आले. तिने त्यांना पाणी दिलं. मग समोर बसून म्हणाली, 'दादा, इंदूरचं पत्र गेल्या महिन्यात आलं होतं ना?'

'हो.'

'अण्णांचा खोकला कमी नाही असं वहिनींनी लिहिलं होतं.'

'हो. का?'

'त्यांना इस्पितळात नेलं होतं म्हणे. सोमवारी.'

वडिलांनी भांडं खाली ठेवलं.

'आज तार आलीय, दादा.'

यापुढे आत्या काही बोलली नाही. वडीलच म्हणाले, 'अण्णा गेले.' तिने मान हलवली.

आत्या मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती. अनुवाद, विधेय, मम्मट, माथेसिउस यांपैकी कुणाशी तिची गाठ पडण्याचा प्रश्न नव्हता. पण तिने काय केलं ते बघा. पहिलं वाक्य पूर्ण ठाऊक गोष्टीचं. दुसऱ्यातही ठाऊकच, पण त्यातल्या कोणत्या बाजूकडे बघायचं तेवढी खूण. तिसऱ्यात नवं आलं, ते सोसवेल एवढंच. चौथ्यात तार. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या पायरीवर पाय ठेवून उतरलेलं. जे नवं होतं ते वडिलांपर्यंत पोचलं, तोवर त्यांच्या मनात ते जुनं झालेलं होतं, आणि तो शब्द त्यांनी स्वतःच उच्चारला. तारेतले शब्द चार, आत्याचीही वाक्यं चार. बातमी एकच. पण तारेने ती कळवली आणि आत्याने ती सांगितली.

तेव्हापासून कुणाचंही लेखन वाचताना मी आधी हे बघतो, की समोरच्याला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही आणि त्याला किती झेपेल, याचा विचार या माणसाने केलाय का. शुद्धलेखन मग. अलंकार त्याहून मग. मराठी ऐकणाऱ्याची एक गोष्ट मला मोठी मानण्यासारखी वाटते. त्याला होकार की नकार, वाचले की गेले, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही, आणि तरीही तो थांबतो. वाक्य संपेपर्यंत बोलणाऱ्यावर विश्वास टाकून उभा राहतो. इतका वेळ उभं राहणाऱ्या माणसाला हात टेकायला निदान ओळखीचा एखादा कठडा तरी द्यावा. नवीन काय ते त्याला सांगूच. पण आधी त्याच्या घरचं काहीतरी बोलावं.